पोरांना हाताशी घेऊन ज्वारीच्या बिबड्या: क्रम, मापं आणि नेहमी चुकणाऱ्या जागा

बिबड्या म्हणजे खानदेशातले ज्वारीचे पापड: पिठाचा घाटा, म्हणजे घट्ट लापशी, शिजवून कापडावर थापायचा आणि उन्हात वाळवायचा. दर उन्हाळ्यात त्यांच्या त्याच तीन तक्रारी कानावर येतात. बिबड्या वाळताना तडकल्या. कापडाला चिकटून बसल्या. तळल्या तर मधे कडक गाठ राहिली. आणि खापर फुटतं ते थापणाऱ्याच्या डोक्यावर. खरं तर थापायला बसेपर्यंत बिबडीचं बरंवाईट बरंचसं ठरून गेलेलं असतं. बहुतेक वेळा बिघडतं ते दळणात, नाहीतर घाटा शिजवताना.

पोरांना सोबत घ्यायचं म्हटलं की चौथी अडचण उभी राहते: सगळ्यांना नेमकं चुलीजवळच यायचं असतं. म्हणून खाली पोरांची कामं त्या त्या टप्प्यात वेगळी सांगितली आहेत. घाटा शिजतो तेवढा वेळ सोडला, तर चार वर्षांच्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना पुरेल एवढं काम यात आहे.

माप एक किलो ज्वारीचं धरलं आहे. ‘एकदाच दहा किलो उरकून टाकू’ हा मोह पहिल्या वर्षी आवरा. एका किलोच्या पन्नास-साठ बिबड्या होतात, अर्ध्या सुती साडीवर मावतात, आणि पोरांचा उत्साह आटायच्या आत काम संपतं.

## आधी वार ठरवा

बिबड्या हे एका दिवसाचं काम नाही. शनिवारी थापायचं असेल तर सोमवारी ज्वारी भिजली पाहिजे:

सोमवार सकाळ: ज्वारी निवडून भिजत घालणं
मंगळवार, बुधवार: रोज दोनदा पाणी बदलणं
गुरुवार: उपसून, धुऊन सावलीत पसरणं
शुक्रवार: दळून आणणं, रात्री पीठ कालवून ठेवणं
शनिवार पहाट: घाटा, मग थापणं
रविवार: दुसरं ऊन

मार्चपासून मेपर्यंत जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ऊन आपल्या बाजूचंच असतं. त्यातल्या त्यात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मागचे-पुढचे दिवस चांगले. माहेरवाशिणी आलेल्या असतात, पोरांना सुट्ट्या असतात, हातांना तोटा नसतो. मात्र अवकाळीचा भरवसा नाही. शुक्रवारी दुपारी आभाळ भरून आलं असेल तर पीठ कालवू नका. ज्वारी नीट वाळवून दळलेली असली की कोरडं पीठ दोन-तीन दिवस थांबतं. शिजलेला घाटा थांबत नाही.

## सामान

ज्वारी १ किलो. पांढरी हायब्रीड चालते. चांगली दादर (खानदेशातली रब्बी ज्वारी) मिळाली तर ती भाकरीसाठी राखा, बिबड्यांत तिची चव वाया जाते असं माझं मत आहे. तीळ अर्धी वाटी, जिरं २ चमचे, लसणाचा एक मोठा गड्डा, हिंग पाव चमचा, तिखट किंवा वाटलेली हिरवी मिरची पोरांना झेपेल एवढी. मीठ चहाच्या चमच्याने सपाट ३ ते ४ चमचे. पापडखार लागत नाही.

भांडं जाड बुडाचं आणि किमान ८-१० लिटरचं हवं. एक किलोला ते उगाच मोठं वाटेल, पण घाटा उडतो आणि अर्धं भांडं रिकामं असलं की तो आतल्या आत उडतो. लांब दांड्याचं भक्कम लाकडी उलथनं. थापायला धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा जुनी सुती साडी.

सावध: टेरिकॉट, पॉलिस्टर, नायलॉन नको. ते कापड पाणी पीत नाही, बिबडी खालून ओलीच राहते आणि उचलताना फाटते. नवं कापडही नको, त्यात खळ असते. रंगीत साडी असेल तर आदल्या दिवशी एक कोपरा गरम पाण्यात बुडवून पाहा. पाणी रंगलं तर ती साडी बाजूला ठेवा.

## टप्पा १: ज्वारी भिजवणं (तीन दिवस)

ज्वारी परातीत पसरून पोरांना निवडायला द्या. खडे, काळे पडलेले दाणे, काडीकचरा वेगळा करायचा. लहान पोराला परातीचा एक कोपरा वाटून दिला की भांडण होत नाही. तीन-चार पाण्यांनी धुऊन, दाण्यांवर चार बोटं पाणी राहील एवढं भरून झाकून ठेवा. ज्वारी सावलीत ठेवायची.

पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं. आपल्याकडच्या उकाड्यात चोवीस तास तेच पाणी ठेवलं तर आंबण्याऐवजी कुजायला लागतं. वास रोज घ्या. आंबूस ताकासारखा वास यायलाच हवा, बिबडीची चव तिथूनच येते. पण सडका वास, हाताला तार येणारा बुळबुळीतपणा किंवा हिरवी-काळी-गुलाबी बुरशी दिसली तर ज्वारी फेकून द्या. धुऊन वापरायची काटकसर इथे करू नका.

तपासा: तिसऱ्या दिवशी एक दाणा नखाने दाबा. तो सहज चिरडला आणि आत कडक ठिपका राहिला नाही, तर ज्वारी तयार.

## टप्पा २: वाळवणं आणि दळण

दाणे उपसा, दोन पाण्यांनी धुवा, चाळणीत अर्धा तास निथळा आणि सुती कापडावर पातळ पसरा. सावली आणि पंखा पुरे. तासा-दोन तासांनी पोरांनी हाताने दाणे फिरवायचे. ढीग करून किंवा ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे नाहीत, कारण ओली ज्वारी उबेत कोंब धरते. कोंब आलेल्या ज्वारीचा घाटा कितीही शिजवला तरी सैल पडतो, शिवाय ज्वारीच्या कोंबात विषारी द्रव्यही तयार होतं. कोंब दिसले तर त्या ज्वारीच्या बिबड्या करू नका.

शुक्रवारी सकाळी तासभर उन्हात टाका. मूठभर दाणे घट्ट दाबून मूठ उघडली की दाणे सुटे व्हावेत आणि तळहात कोरडा राहावा. ओलसर ज्वारी नेली तर गिरणीवाला परत पाठवतो, आणि त्याचं बरोबर असतं. दगडाला पीठ चिकटतं. घरघंटीत तर मुळीच घालू नका.

दळण सांगताना ‘बिबड्यांचं’ एवढंच म्हणून भागत नाही. भाकरीच्या पिठापेक्षा किंचित जाड आणि इडली रव्यापेक्षा बारीक, असं स्पष्ट सांगा. फार बारीक पिठाच्या गुठळ्या होतात. फार जाड असेल तर कणी आतून कच्ची राहते आणि तळल्यावर दातांखाली येते. मधे कडक गाठ राहण्याचं हे पहिलं कारण. दुसरं पुढे येईलच.

घरी आल्यावर पिठाच्या चाळणीने चाळून कोंडा काढा. कोंडा राहिला की बिबडी लालसर दिसते आणि कडेने चिरते. चाळण्याचं काम सात-आठ वर्षांच्या पोराचं. खाली कागद अंथरा आणि सांडलेलं पाहून ओरडू नका. चाळून जेवढं पीठ येईल ते वाटीने मोजून लिहून ठेवा. पुढचं सगळं माप या आकड्यावर आहे, किलोवर नाही.

रात्री जेवढं पीठ तेवढंच पाणी घालून कालवा: आठ वाट्या पिठाला आठ वाट्या पाणी. गुठळ्या हाताने मोडा. भांडं मोठं घ्या, कारण मिश्रण रात्रीतून थोडं फुगतं.

## टप्पा ३: घाटा

बिबड्यांचं नव्वद टक्के यश इथे आहे. घाई करायची असेल तर दुसरीकडे करा.

पहाटे साडेपाचला चूल पेटवली की साडेआठला थापून होतं. त्यानंतर गच्चीची फरशी पोरांच्या पायाला भाजायला लागते.

लसूण आदल्या रात्रीच सोलून ठेवलेला असावा. (पाकळ्या दहा मिनिटं पाण्यात टाकल्या की पोरांनाही सालं निघतात.) लसूण-जिरं-मिरची एकत्र वाटून घ्या.

क्रम असा:

१. कालवलेल्या पिठावर रात्रीतून पाणी वर आलेलं असेल. ते फार आंबट लागत असेल तर वाटीने मोजून काढा आणि तेवढंच ताजं पाणी घाला. मापाचं पाणी कमी होऊ देऊ नका.

२. पिठाच्या दुप्पट पाणी, म्हणजे आठ वाट्या पिठाला सोळा वाट्या, मोठ्या भांड्यात उकळायला ठेवा. दुसऱ्या चुलीवर आणखी आठ वाट्या पाणी गरम करून राखून ठेवा. ज्वारीगणिक पाणी कमी-जास्त लागतं, आणि ऐनवेळी थंड पाणी ओतलं की घाटा फुटतो.

३. पाण्यात मीठ, वाटण, हिंग, तीळ घाला. पाणी खळखळून उकळलं पाहिजे. कडेला बुडबुडे दिसू लागले म्हणजे उकळलं असं नव्हे.

४. आच मध्यम करा. एकाने कालवलेलं पीठ तळापासून ढवळून बारीक धारेने ओतायचं, दुसऱ्याने उलथनं थांबवायचं नाही. हे काम दोन मोठ्या माणसांचं आहे.

५. दोन-चार मिनिटांत घट्ट व्हायला लागेल. इथेच बहुतेकजण फसतात. घाटा घट्ट झाला म्हणजे शिजला असं नाही. आता आच मंद करा, झाकण ठेवा आणि १५ ते २० मिनिटं शिजू द्या. दर तीन-चार मिनिटांनी झाकण काढून तळापासून हाटा. फार घट्ट वाटला तर राखलेलं उकळतं पाणी वाटी-वाटीने घाला. पिठल्यापेक्षा घट्ट आणि मोदकाच्या उकडीपेक्षा सैल, हे त्याचं माप.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. बिबडी एकसंध राहते ती पिठातलं पिष्ट पाण्यात पूर्ण फुगून शिजल्यामुळे. ते अर्धवट शिजलं की ओलेपणी बिबडी छान दिसते आणि उन्हात पाणी उडालं की भेगा पडतात. बायका म्हणतात ऊन जास्त झालं. आपल्याकडे ऊन कधी कमी होतं?

शिजल्याच्या तीन खुणा, तिन्ही हव्यात:
पांढरट रंग जाऊन घाटा किंचित पारदर्शक, तकतकीत दिसतो.
कच्च्या पिठाचा वास पूर्ण गेलेला असतो.
एक चमचा घाटा थंड पाण्याच्या वाटीत टाकला तर गोळा तसाच राहतो, पाणी गढूळ होत नाही.

तिसरी खूण पोरांना तपासू द्या, पण चुलीपासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. चमचा मोठ्या माणसाने द्यायचा.

मीठ आता चाखा. घाट्यात ते थोडं कमी लागलं पाहिजे. वाळल्यावर पाणी जातं, मीठ राहतं. घाट्यात बरोबर लागलेलं मीठ तळलेल्या बिबडीत खारट होतं.

सावध: शिजणारा घाटा फटफट उडतो आणि अंगाला चिकटून बसतो, त्यामुळे पाण्यापेक्षा वाईट भाजतो. भांड्यापासून चार-पाच फुटांवर खडूने रेघ मारा. रेघेच्या आत पोरांनी यायचं नाही. आजी विचारतीलच, “घाटा व्हयना का?” (घाटा झाला का?) त्यांनाही रेघेबाहेर खुर्ची द्या. कोणाला भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्या-डोळ्याजवळ असेल तर दवाखान्यात न्या.

झाल्यावर पहिली वाटी पोरांची. कोमट घाटा, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. हे आधी उरका, नाहीतर थापताना घाटा परातीत कमी आणि पोटात जास्त जातो.

## टप्पा ४: थापणं

घाटा तयार व्हायच्या दहा मिनिटं आधी एका मोठ्या माणसाने मोठ्या पोरांना घेऊन गच्चीवर कापड अंथरायचं. खाली चटई किंवा स्वच्छ प्लास्टिक, वर ओलं करून घट्ट पिळलेलं कापड, चार टोकांना विटा. खाट असेल तर उत्तम, खालून वारा लागतो. कापड ओलं हवं पण त्यातून पाणी गळता कामा नये. कोरड्या कापडावर थापलं की बिबडी धाग्यात रुतते, आणि चिकटण्याची अर्धी तक्रार इथली असते.

घाटा गरम असतानाच थापायचा असतो आणि पोरांचे हात तर गरम सोसत नाहीत. उपाय सोपा आहे. मोठं भांडं झाकून गरम पाण्याच्या परातीत ठेवा. त्यातून एका वेळी पाच-सहा गोळ्यांपुरता घाटा वाडग्यात काढा. मोठ्याने पाण्याच्या हाताने लिंबाएवढे गोळे करून ताटात ठेवायचे, तोवर ते हाताला सोसवतील एवढे निवतात, मग पोरांनी उचलायचे.

गोळा कापडावर ठेवा, हात पाण्यात बुडवा, मधून बाहेर गोल गोल थापत जा. साधारण दोन मिलिमीटर जाडी, सगळीकडे सारखी. पोरांची हटकून होणारी चूक म्हणजे कडा पातळ आणि मधे टेकडी. तळल्यावर मधे कडक राहण्याचं दुसरं कारण हेच. त्यांना आधी मधोमध बोटांनी खळगा पाडायला सांगा, मग कडेकडे सरकायला. तळहाताएवढ्या लहान बिबड्या करू द्या. त्या लवकर वाळतात, उचलताना मोडत नाहीत, आणि कोणाची कोणती हे पोरं बरोबर ओळखतात.

चार-पाच वर्षांच्या पोराचं काम पाण्याची वाटी भरत राहणं. कावळे-चिमण्या हाकलायलाही तेच बसवा, पण सावलीत आणि सकाळपुरतं.

तपासा: पहिल्या पाच बिबड्या थापून दहा मिनिटं थांबा. कडा लगेच चिरल्या तर घाटा घट्ट आहे किंवा निवला आहे: भांडं परत चुलीवर, थोडं उकळतं पाणी, पाच मिनिटं हाटा. पसरून ओघळल्या तर सैल आहे, झाकण काढून आटवा. सगळा घाटा थापून झाल्यावर यातलं काहीच करता येत नाही.

दुपारी वावटळ उठते. पातळ ओढणी वरून ताणून बांधा, धूळ बसत नाही. दुपारच्या उन्हात पोरांना गच्चीवर पाठवू नका. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो.

## टप्पा ५: उचलणं

चार-पाच वाजता कडा कापडावरून सुटायला लागतात. पोरं तेव्हाच ओढू पाहतात. ओढायचं नाही.

कापड अलगद उलटं करा, बिबड्या खाली, कापडाची पाठ वर. पाठीवर हाताने पाणी शिंपडा, ओतू नका. पाच-सात मिनिटांनी कापड एका हाताने बिबडीपासून मागे सोलत न्यायचं. दुसरा हात बिबडीला फक्त आधार देतो. कापड सोलायचं, बिबडी नाही, एवढं लक्षात ठेवलं तर तुटत नाहीत. नाही निघाली तर आणखी पाणी शिंपडून थांबा. वरून ओलसर, वाकणारी असेल तर ती अजून वाळलीच नाही. रात्रभर घरात पंख्याखाली ठेवून सकाळी उचला. गच्चीवर रात्रभर ठेवू नका, मुंग्या लागतात.

सोललेल्या बिबड्या पाठीकडून ओल्या असतात. रविवारी पाठ वर करून दिवसभर कडक ऊन द्या, लागलंच तर सोमवारीही. बोटांनी मोडल्यावर कट् आवाज झाला पाहिजे.

## टप्पा ६: भरणं आणि खाणं

उन्हातून आणलेल्या गरम बिबड्या थेट डब्यात भरल्या की झाकणाला आतून घाम येतो आणि महिन्याभरात बुरशी. घरात तास-दीड तास निवू द्या, मग कोरड्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा ऊन दाखवा.

तळताना तेल चांगलं तापलेलं हवं. कोपऱ्याचा तुकडा टाकून पाहा: लगेच वर येऊन फुलला तर बिबडी सोडा, काही सेकंदांत काढा. कोमट तेलात ती नुसतं तेल पिते. निखाऱ्यावर किंवा गॅसवर जाळी ठेवून भाजलेली मला जास्त आवडते. फक्त सतत फिरवत राहावं लागतं.

मोडलेले तुकडे वेगळ्या डब्यात ठेवा, त्यांचा खुडा करा. भाजून चुरायचे, त्यात बारीक कांदा, तिखट, मीठ लागलं तर, भाजलेले शेंगदाणे आणि शेंगदाण्याचं कच्चं तेल. भाजून मोठ्यांनी द्यायचं, बाकी काम सगळं पोरांचं. पाच वर्षांखालच्यांसाठी शेंगदाणे अख्खे न घालता कूट घाला, घशात अडकत नाही. आणि कालवल्यावर लगेच खायला बसा. दहा मिनिटांत तो मऊ पडतो.